रेघ कशाखाली मारावी?

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेत २०१३ साली दुसरी प्रश्नपत्रिका नव्या स्वरूपात आली आणि उताऱ्याचे आकलन हा असंख्य उमेदवारांच्या भवितव्याचा प्रश्न बनला. २०२२ पासून ही प्रश्नपत्रिका केवळ अर्हताकारी आहे. दोनशेपैकी ६६ गुण पडले की पुरे. उंबरठा ठेंगणा, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते, आणि ठेच नेमकी तेथेच लागते. सामान्य अध्ययनात कितीही गुण मिळवलेले असोत, येथे अडखळलेल्याचे वर्ष वाया जाते.

प्रश्न ८० आणि मिनिटे १२०. त्यांतील मोठा भाग उताऱ्यांवरचा. या घाईत उमेदवार रेघा मारीत वाचतो, हे स्वाभाविकच होय. परंतु रेघ कशाखाली मारावयाची, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. शाळेतील उताऱ्याने त्याला उत्तराचे वाक्य हुडकून जसेच्या तसे उतरविण्याची सवय लावलेली असते. नावे, सनावळ्या, व्याख्या अधोरेखित केल्या की तेथे काम भागते. स्पर्धा परीक्षेतील उतारा मात्र बहुधा लेखकाचे गृहीतक आणि निष्कर्ष विचारतो.

समजा, उताऱ्यात असे वाक्य आहे : ‘सिंचनाने उत्पादन वाढते हे खरे, तथापि निचऱ्याची सोय नसेल, तर तीच जमीन कालांतराने क्षारपड होते.’ उमेदवार ‘सिंचन’, ‘उत्पादन’ आणि ‘क्षारपड’ या शब्दांखाली रेघा ओढतो. पुढे पर्यायांत ‘सिंचनामुळे जमीन नापीक होते’ असे विधान दिसताच अधोरेखित शब्दांची ओळख पटते आणि तो फसतो. कृष्णाकाठच्या शिरोळकडील उमेदवार तर अधिकच फसेल, कारण क्षारपड जमीन त्याने डोळ्यांनी पाहिलेली असते! वाक्याचा सारा भार वस्तुतः ‘तथापि’ आणि ‘नसेल, तर’ या शब्दांवर आहे. खूण हवी होती ती तेथे.

पिवळ्या शाईने पानेच्या पाने रंगविण्याची हौस हा याच सवयीचा विस्तार. जुन्या पोथ्यांत नकोसा मजकूर पुसण्यासाठी पिवळा हरताळ फाशीत असत. आज महत्त्वाचा मजकूर पिवळा होतो, पण सगळेच महत्त्वाचे ठरल्यावर परिणाम फारसा वेगळा उरत नाही. जॉन डनलॉस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासपद्धतींचा जो आढावा घेतला, त्यात अधोरेखनाला कमी उपयुक्ततेच्या पद्धतींत स्थान मिळाले. तो आढावा पाठ्यविषय शिकण्यासंबंधी होता, परीक्षागृहातील उताऱ्यासंबंधी नव्हे, हे खरे. तरीही निवड न करता ओढलेली रेघ विचाराची जागा घेऊ शकत नाही, एवढे त्यावरून ध्यानात यावे.

निवड कशी करावी? आधी प्रश्नांवर एक नजर टाकावी. पर्याय मात्र वाचू नयेत, कारण ते वाचकाच्या मनात परके विचार पेरतात. मग वाचताना विचाराला वळण देणारे शब्द तेवढे वर्तुळात घ्यावेत : ‘परंतु’, ‘म्हणून’, ‘अन्यथा’, ‘केवळ’. लेखक दुसऱ्याचे मत मांडतो आणि मग खोडतो, तेथे दोन मतांमध्ये एक उभी रेघ पुरे. परमत लेखकाच्या माथी मारणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. परिच्छेद संपताच त्याचे सार दोन-तीन शब्दांत मनाशी म्हणावे. वरील वाक्यापुरते ते ‘अट : निचरा’ एवढेच. कच्च्या कामासाठी पुस्तिकेत जागा नेमून दिलेली असते, तेव्हा समासात टिपणे लिहीत बसण्याचे कारण नाही.

ही शिस्त परीक्षेच्या आदल्या महिन्यात अंगवळणी पडत नाही. शिकवणी वर्गांतून उत्तरे तपासली जातात. ज्या उताऱ्यावरून ती आली, त्याच्यावरील खुणा सहसा कोणी पाहत नाही. शाळेतल्या मराठीच्या शिक्षकाने महिन्यातून एकदा उत्तरपत्रिका बाजूला ठेवून रेघा मारलेला उताराच गोळा केला, तर मूल नेमके कोणत्या शब्दाशी चुकले ते त्याला दिसेल. त्यासाठी ना नवे पुस्तक लागते, ना शासनाची मंजुरी.