चिपची गोष्ट – भाग ९ : २५ डॉलरचा मायक्रोप्रोसेसर

१९७४मध्ये इंटेलचा ८०८० बाजारात आला तेव्हा एका नगाला ३६० डॉलर पडत. मोटोरोलाचा ६८००ही तेवढ्यालाच होता. मोटोरोलाचे अभियंते चक पेडल ही चिप समजावून द्यायला कंपन्यांकडे जात. चिप आवडायची, पण भाव ऐकला की बोलणं तिथंच थांबायचं. स्वस्त चिप काढण्याचा त्यांचा आग्रह मोटोरोलाने मानला नाही. तेव्हा पेडल काही सहकाऱ्यांना घेऊन पेनसिल्व्हेनियातल्या एमओएस टेक्नॉलॉजी या छोट्या कंपनीत गेले.

सप्टेंबर १९७५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वेस्कॉन हे इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन भरलं, तेव्हा त्यांनी ६५०२ हा मायक्रोप्रोसेसर विकायला काढला. किंमत २५ डॉलर! प्रदर्शनात विक्रीला मनाई होती, म्हणून हॉटेलातल्या खोलीत दुकान मांडलं. माल भरपूर आहे हे दिसावं म्हणून चिपने भरलेल्या बरण्या ठेवल्या. स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी तिथली चिप घेतली आणि तिच्यावरच पुढे ‘अ‍ॅपल-१’ हा संगणक उभा केला.

एमओएसने तोटा सोसून भाव पाडला नव्हता, हे मला या गोष्टीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं. सिलिकॉनच्या एका चकतीवर अनेक चिप एकदम तयार होतात आणि चकतीचा खर्च साधारण ठरलेला असतो. शंकरपाळ्यांच्या पोळीत चार खडे आले, तर तुकडे मोठे कापल्यास बरीचशी पोळी वाया जाते. बारीक कापल्यास चारच तुकडे टाकावे लागतात. चकतीवरच्या दोषांचंही तसंच आहे. ६५०२ची रचना आटोपशीर, म्हणून तिचा आकार लहान. शिवाय ज्याच्यातून नक्षी चकतीवर उतरते त्या मास्कमधल्या चुका दुरुस्त करण्याची हातोटी एमओएसकडे होती. त्यामुळे एका चकतीतून चांगल्या चिप जास्त निघत.

मोटोरोलाने त्याच वर्षी ६८००ची किंमत ६९ डॉलरवर आणली आणि दावाही ठोकला. ६८००च्या जागी जशीच्या तशी बसणारी ६५०१ ही चिप एमओएसला मागे घ्यावी लागली आणि २ लाख डॉलर भरावे लागले. ६५०२ मात्र वाचली.

एमओएस स्वतः अडचणीत आली ती दुसऱ्याच एका भावयुद्धात. ती कॅल्क्युलेटरच्या चिपही विकत असे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने आपल्याच चिप वापरून स्वस्त कॅल्क्युलेटर बाजारात ओतले आणि एमओएसची गिऱ्हाइकं कोलमडली. त्यातलंच एक म्हणजे कमोडोर ही कंपनी. तिचे प्रमुख जॅक ट्रॅमिएल यांनी त्यातून धडा घेतला आणि १९७६मध्ये एमओएसच विकत घेतली.

आता चिपचा कारखाना त्यांच्या हातात होता. १९८२मध्ये ५९५ डॉलरला आलेला कमोडोर ६४ हा घरगुती संगणक पुढच्याच वर्षी २०० डॉलरच्या आसपास मिळू लागला. त्या स्पर्धेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सलाही आपला संगणक तोट्यात विकावा लागला आणि ऑक्टोबर १९८३मध्ये तिने घरगुती संगणकांचा धंदा सोडला.

पुढच्या आठवड्यात : जपानी मेमरी चिप, आणि १९८५मध्ये इंटेलने आपला पहिला धंदा का सोडला.