बीटलचं इंजिन बदलताना क्लचची जोडी

जुन्या सहा व्होल्टच्या फोक्सवॅगन बीटलला नंतरचं 1600 सीसीचं इंजिन बसवायची हौस अनेकांना असते. इंजिन गिअरबॉक्सला जोडणारे बोल्ट जागेवर येतात आणि काम झालं असं वाटतं. खरी अडचण फ्लायव्हीलपाशी आहे. सहा व्होल्टच्या गाडीच्या फ्लायव्हीलला 109 दाते आणि क्लच 180 मिमीचा. 1967च्या सुमारास बारा व्होल्ट आले, दाते 130 झाले आणि क्लच 200 मिमीचा. हे मोठं फ्लायव्हील जुन्या बेल हाउसिंगला आतून घासतं, म्हणून तिथला धातू ग्राइंडरने तासावा लागतो. स्टार्टरही दात्यांना जुळणारा हवा, आणि त्याच्या दांड्याचं टोक ज्या बुशमध्ये फिरतं त्या बुशचं मापही.

रिलीज बेअरिंगकडे मात्र हमखास दुर्लक्ष होतं. 1970पर्यंतच्या प्रेशर प्लेटच्या मधोमध एक कडी असते आणि बेअरिंग त्या कडीवर दाबतं. 1971पासून गिअरबॉक्सवर बेअरिंगसाठी नळी आली आणि कडी गेली. इथे इंजिनाचं साल बघून भागत नाही. प्रेशर प्लेट गिअरबॉक्स बघूनच घ्यावी. जुन्या गिअरबॉक्सपुढे बिनकडीची प्लेट लावली, तर बेअरिंगला नीट टेकायला जागा उरत नाही आणि ते लवकर खराब होतं.

फ्लायव्हील बदललंच आहे, तर क्रँकशाफ्टची पुढे-मागे होणारी हालचालही पुन्हा मोजा. तीन शिम घालून ती 0.07 ते 0.13 मिमीत आणायची असते.