एरिख हार्टमान : ३५२ विमाने आणि एक नकार

युद्धकथा वाचताना आमची नजर प्रथम आकड्यांवर खिळते. जर्मन वैमानिक एरिख हार्टमान याच्या नावावर ३५२ विमाने पाडल्याची नोंद आहे. एवढा आकडा जगात दुसऱ्या कोणाचाही नाही. त्याविषयी अभ्यासकांत वाद आहेत, ते तूर्त बाजूस ठेवू.

१९२२ साली जन्मलेल्या हार्टमानचे बालपण काही काळ चीनमध्ये गेले. वडील तेथे डॉक्टर होते. उड्डाणाचे पहिले धडे मात्र आईने दिले. ती स्वतः ग्लायडर चालवी! १९४२ च्या ऑक्टोबरात तो रशियन आघाडीवर दाखल झाला. शत्रू आधी हेरावा, अगदी निकट जाऊन मारा करावा आणि तत्क्षणी दूर व्हावे, ही त्याची रीत. घिरट्या घालीत झुंजण्याचा सोस त्याला नव्हता. आपल्या सोबत उडणारा एकही जोडीदार प्राणास मुकला नाही, याचाच त्याला अधिक अभिमान वाटे.

२५ ऑगस्ट १९४४ रोजी हिरेजडित नाइट्स क्रॉस हे पदक त्याला खुद्द हिटलरच्या हस्ते मिळाले. ते हात कशाने माखले होते हे विसरून त्या पदकाचे कौतुक आम्हांस करता येत नाही.

८ मे १९४५ रोजी त्याने शेवटचे विमान पाडले. रशियनांच्या हाती न लागता विमानाने पश्चिमेस जाऊन ब्रिटिशांना शरण जावे, असा त्याला वरिष्ठांचा हुकूम होता. पण तळावर सैनिकांबरोबर निर्वासित बायकामुलेही होती. त्यांना मागे टाकून जाण्यास त्याने नकार दिला. विमाने जाळून सारे पायीच अमेरिकनांकडे गेले. अमेरिकनांनी त्यांना रशियनांच्या स्वाधीन केले. पुढे स्त्रियांवर जे गुदरले ते त्याला निमूट पाहावे लागले. स्वतः त्याने दहा वर्षांहून अधिक काळ कैद भोगली. त्या काळात मुलगा जन्मला आणि पित्याची भेट न होताच वारला.

१९५५ साली सुटल्यावर तो पश्चिम जर्मनीच्या वायुदलात शिरला. तेथेही स्टारफायटर विमानाची खरेदी घाईची आहे, असे तो वरिष्ठांना स्पष्ट सांगत राहिला. ते कोणास रुचले नाही. १९७० मध्ये तो मुदतीपूर्वी निवृत्त झाला. घेतलेल्या ९१६ स्टारफायटरांपैकी सुमारे एकतृतीयांश विमाने अपघातांत नष्ट झाली आणि शंभरावर जर्मन वैमानिक त्यांत मृत्यू पावले.