घसरायला शिकायचे, तर डोंगर कोणता निवडावा?

विहिरीत पोहायला शिकणारा मुलगा पहिल्याच दिवशी काठावरून मध्यभागी उडी मारीत नाही. पाठीला डबा किंवा भोपळा बांधून तो पायऱ्यांजवळ हातपाय मारतो. खोल विहीर त्याला लवकर पोहायला शिकवीत नाही, उलट घाबरवते. हिमावरून घसरण्याच्या खेळाचेही असेच आहे. तरीही हिमालयात जायचे ठरले, की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "सर्वात उंच ठिकाण कोणते?" नवशिक्याने विचारायचा प्रश्न निराळा आहे. कमी खर्चात, हाडे शाबूत ठेवून, जास्तीत जास्त सराव कोठे मिळेल? या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला थोडे भौतिकशास्त्र व थोडे अंकगणित पुरते.

प्रथम या खेळाची ओळख करून घेऊ. स्कीइंगमध्ये दोन पायांना दोन लांब पट्ट्या असतात आणि हातात काठ्या असतात. स्नोबोर्डमध्ये एकाच रुंद फळीवर दोन्ही पाय आडवे बांधलेले असतात व हात मोकळे असतात. १९६५ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून एक खेळणे बनविले. त्यातूनच पुढे हा खेळ वाढला आणि १९९८ साली जपानमधील नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याला स्थान मिळाले.

दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले असल्याने तोल गेला, तर पाय टाकून सावरता येत नाही. नवशिका पडतो तो मागे बसकण मारून, नाहीतर पुढे हातांवर. म्हणूनच मनगट मोडणे ही नवशिक्यांची नेहमीची दुखापत आहे. मनगटाला आधारपट्टे आणि डोक्याला शिरस्त्राण हवेच. पण त्याहून महत्त्वाचा आहे तो उतार.

उताराचा हिशेब करून पाहू. शंभर मीटर आडवे अंतर जाताना जमीन दहा मीटर उतरत असेल, तर तो १० टक्के उतार. त्याचा कोन होतो जेमतेम ६ अंश. मेण लावलेल्या फळीचे हिमाशी घर्षण फार कमी असते. घर्षणांक ०.०५ धरू व हवेचा विरोध सोडून देऊ. मग ५ टक्के उतारावर घर्षण आणि गुरुत्वाकर्षणाची ओढ सारखीच होते आणि फळी हलत नाही. १० टक्के उतारावर न थांबता ५० मीटर घसरल्यास वेग येतो सेकंदाला ७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २५ किलोमीटर. जोरात दामटलेल्या सायकलीचा हा वेग. २५ टक्के, म्हणजे १४ अंशांच्या उतारावर तेवढ्याच अंतरात वेग होतो ताशी ५० किलोमीटर! वेग दुप्पट झाला, की गतिज ऊर्जा चौपट होते. पडल्यावर ही सारी ऊर्जा कोठेतरी जिरावी लागते. ती मनगटात जिरू नये, एवढीच आपली इच्छा!

तेव्हा नवशिक्याचा उतार १० टक्क्यांच्या आसपास असावा, रुंद असावा आणि त्याच्या पायथ्याशी सपाट मैदान असावे. म्हणजे थांबता आले नाही, तरी फळी आपोआप थांबते.

उतार मोजायला महागडे उपकरण नको. कंपासपेटीतील कोनमापक घ्या. त्याच्या मध्यबिंदूला दोरा बांधून टोकाला खोडरबर लटकवा. झाला ओळंबा तयार! कोनमापकाची सरळ कड उताराला समांतर धरा. दोरा ९० च्या रेघेपासून जितके अंश सरकेल, तितका त्या उताराचा कोन. आपल्या गावच्या टेकडीवर हा प्रयोग करून पाहा. डोळ्यांना फारसा न वाटणारा उतारही किती अंशांचा निघतो, ते पाहून नवल वाटेल.

आता हिमाकडे वळू. पूर्वी पुष्कळ पुस्तकांत लिहीत, की वजनाच्या दाबाने हिम वितळते व त्या पाण्यावरून फळी घसरते. पण ६० किलो वजनाच्या मुलाचा भार दीड मीटर लांब व पाव मीटर रुंद फळीवर पसरला, तर दाब हवेच्या दाबाच्या साठाव्या भागाइतकाच भरतो. त्याने वितळणबिंदू अंशाच्या हजाराव्या भागाइतकाही उतरत नाही. १९३९ मध्ये बाउडेन व ह्यूज या शास्त्रज्ञांनी आल्प्स पर्वतात प्रयोग करून दाखविले, की घर्षणाच्या उष्णतेने तेथे पाण्याचा पातळ थर तयार होतो. शिवाय बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू मुळातच सैल असतात. म्हणून हिमाची अवस्था महत्त्वाची. रात्री गोठून टणक झालेल्या हिमावर फळीची कड रुतत नाही आणि पडल्यावर फरशीवर पडल्यासारखे लागते. भुसभुशीत खोल हिमात फळीच रुतते. यंत्राने दाबून सारखे केलेले, किंचित मऊ हिम शिकायला उत्तम.

या कसोट्या आपल्या देशातील तीन ठिकाणांना लावून पाहू.

काश्मीरमधील गुलमर्ग सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे. तेथील रोप-वेचा पहिला टप्पा कोंगडोरीला आणि दुसरा अफरवत पर्वतावर सुमारे ३९५० मीटरपर्यंत नेतो. दुसऱ्या टप्प्याचे तिकीट नवशिक्याने काढूच नये. वरचे उतार तीव्र आहेत. ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर हिमकडे कोसळण्याचा धोका सर्वाधिक असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या वरच्या भागात असाच कडा कोसळून एक परदेशी स्कीपटू दगावला. शिकण्याजोगे सौम्य उतार खाली, गावालगतच आहेत. केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची प्रशिक्षण संस्थाही तेथे आहे.

उत्तराखंडातील औलीचे उतार साधारण २५०० ते ३०५० मीटरांच्या दरम्यान आहेत. गढवाल मंडल विकास निगम तेथे स्कीचे वर्ग चालविते. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागल्यावर तेथून औलीला जाणारा रोप-वे बंद करावा लागला. म्हणून निघण्यापूर्वी वाटेची चौकशी करावी. हिमाचल प्रदेशातील सोलांग खोरे मनालीजवळ असल्याने राहण्याची सोय स्वस्तात होते. मात्र उतार आखूड असून सहलीच्या गर्दीने भरलेला असतो.

तिन्ही ठिकाणचे हिम पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी विक्षोभांवर अवलंबून असते आणि ते दरवर्षी वेळेवर येतीलच असे नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणे उघडी पडली होती. २०२५ मध्ये हिमाअभावी तेथील हिवाळी क्रीडास्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावी लागली. म्हणून तारखा बदलता येतील अशी तिकिटे काढणे शहाणपणाचे.

शेवटी खर्च. नुसती एकूण रक्कम पाहू नका. तिला प्रत्यक्ष सरावाच्या तासांनी भागा. समजा, एका ठिकाणी पाच दिवसांना २०,००० रुपये लागतात, पण गर्दीमुळे रोज दोनच तास सराव होतो. मग एक तास पडला २,००० रुपयांना. दुसऱ्या ठिकाणी २६,००० रुपये लागतात, पण रोज चार तास मिळतात. तेथे एक तास पडला १,३०० रुपयांना. सांगा, स्वस्त कोणते? (हे आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत.) राहणे, जेवण, साहित्य व शिक्षण एकाच शुल्कात देणारा वर्ग बहुधा परवडतो. मात्र स्नोबोर्डचा शिक्षक आहे का आणि आपल्या मापाचे बूट भाड्याने मिळतील का, हे आधी विचारून घ्यावे. फळी विकत घेण्याची घाई तर मुळीच नको.

एवढे केल्यावर पहिल्या दिवशी दहा-वीस वेळा आपटाल, ते ठरलेलेच आहे. पण सौम्य उतारावर, मऊ हिमात पडलेला मुलगा कपडे झटकून हसत उठतो आणि पुन्हा फळीवर उभा राहतो. शिकणे पुढे चालू राहते ते त्यामुळेच.