कात्रणवहीचा जमाखर्च

'तुमचा छंद कोणता?' असा प्रश्न आमच्या वर्गात पहिल्याच दिवशी विचारला गेला. वाचन, क्रिकेट, गाणी ऐकणे अशी उत्तरे ओळीने येत होती. माझी पाळी आली तेव्हा मी 'वर्तमानपत्रांतली कात्रणे कापून वहीत चिकटवते' असे सांगितले. मागच्या बाकावरून 'रद्दीवाली!' असा शब्द आला आणि वर्ग हसला. सर हसले नाहीत, पण त्यांनीही पुढच्या मुलीकडे जरा लवकरच मोर्चा वळवला.

त्या हसण्याचा राग म्हणून हा लेख लिहीत नाही. कात्रणवही किंवा चिकटवही हा प्रकार दिसतो तितका साधा नाही, आणि तो चुकला म्हणजे काय नुकसान होते हे मी स्वतःच्या हाताने करून पाहिले आहे, म्हणून लिहिते.

आमचे आजोबा रविवार पेठेतल्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. दुकानातल्या अर्धवट भरलेल्या, लाल कापडी बांधणीच्या जुन्या खतावण्या मालक त्यांना देऊन टाकत. आजोबा त्यांत कात्रणे चिकटवीत. घरी मराठी वर्तमानपत्र येई आणि दुकानात कन्नड. वही उघडली की डावीकडे मराठी कात्रण आणि उजवीकडे कन्नड, अशी त्यांची मांडणी असे. मधूनच कात्रणाच्या कडेतून मिरची-गुळाच्या पोत्यांचे आकडे डोकावत. अशा तीन वह्या आजोबांच्या मागे राहिल्या. त्या मागच्या खोलीत, कपाटाच्या अगदी खालच्या फळीवर होत्या.

ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगावात किती पाऊस झाला हे येथील वाचकांना सांगायला नको. आमच्या मागच्या खोलीत रात्रीतून घोटाभर पाणी आले. सकाळी धान्य, गाद्या, गॅसची शेगडी वर नेण्याच्या गडबडीत वह्यांची आठवण कोणालाच राहिली नाही. त्या सापडल्या तिसऱ्या दिवशी. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. ऊन पडल्याबरोबर तिन्ही वह्या गच्चीवर नेऊन उघड्या ठेवल्या आणि मोठे काम केले असे समजून खाली आले. संध्याकाळी पाहते तो पाने पापडासारखी वाकलेली आणि एकमेकांना घट्ट धरून बसलेली. एक वही तर विटेसारखी झाली होती, ती पुन्हा उघडलीच नाही. भिजलेली वही उन्हात वाळवायची नसते. दर दहा-पंधरा पानांत टीपकागद किंवा कोरा, न छापलेला कागद घालून, सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, कागद पुनःपुन्हा बदलत वाळवावी लागते. हे मला नंतर कळले.

उरलेल्या दोन वह्यांनी मात्र बरेच शिकवले. आजोबा घरी असत तेव्हा खळीने चिकटवीत, आणि दुकानात असत तेव्हा टेबलावरच्या चिकटपट्टीने. खळ म्हणजे शिजवलेला मैदा. ती पाण्याने सुटते. त्यामुळे पुराच्या पाण्यात खळीने लावलेली कात्रणे अलगद सुटून आली. फाटली नाहीत. चिकटपट्टीचे उलटे. वीस-पंचवीस वर्षांत तिच्यावरचे पारदर्शक प्लास्टिक सुकून गळून पडते, पण खालचा चिकट पदार्थ कागदात मुरून तपकिरी डाग होऊन बसतो. तो पाण्याला दाद देत नाही. आपण चिकटवतो ते कायमचे राहावे अशी आपली इच्छा असते, म्हणून पक्क्यात पक्का गोंद शोधतो. खरी गोष्ट अशी की जे पुढे कधीतरी सोडवता येईल तेच चिकटवणे चांगले.

मुळात वर्तमानपत्राचा कागद टिकण्यासाठी केलेलाच नसतो. लाकडाचा लगदा यंत्राने दळून तो स्वस्तात तयार करतात. लाकडातले लिग्निन त्यात राहून जाते. उजेड आणि हवा लागली की ते पिवळे पडते, कागदात आम्ल वाढत जाते, आणि शेवटी घडीवर कागद तुटतो. म्हणून फार महत्त्वाच्या कात्रणाची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती वहीत लावावी आणि मूळ कात्रण वेगळ्या पाकिटात ठेवावे. हल्लीच्या बसच्या, सिनेमाच्या तिकिटांना तर हा नियम जास्तच लागू आहे. यंत्रातून निघणारी ही तिकिटे उष्णतेने छापलेली असतात, त्यांत शाई नसतेच. वर्ष-दोन वर्षांत ती कोरी होतात, आणि प्लास्टिकच्या पाकिटात घातली तर कधीकधी आणखी लवकर. माझ्या पहिल्या वहीत म्हैसूरच्या सहलीची म्हणून सात कोरी चिटोरी मोठ्या ऐटीत चिकटवलेली आहेत!

खळ घरी करावी. मी एक चमचा मैद्याला पाच-सहा चमचे पाणी घेते, गुठळी मोडून मंद आचेवर ढवळते, आणि ती चकाकायला लागली की उतरवते. पूर्वीचे बांधणीवाले कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालीत. मोरचूद विषारी आहे, शिवाय आम्लधर्मी असल्याने कागदालाही बरे नाही. त्यापेक्षा खळ थोडी आणि ताजी करावी, आणि उरेल ती टाकून द्यावी. कपाटात वेखंडाची पुरचुंडी ठेवावी. चिकटवण्याचे काम पावसाळ्यात करू नये. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कागद हवेतले पाणी पीत असतो, त्यात खळीचे पाणी घातले की बुरशीला आमंत्रणच. मी चार महिने नुसती कापते आणि साठवते. चिकटवणे सुरू होते ते दिवाळीच्या सुटीत.

आता सामानाविषयी. ज्याला हा छंद लागतो त्याच्याकडे सहा महिन्यांत कात्र्या, पट्ट्या, रंगीत कागद, लग्नपत्रिकांवरचे गणपती, रिबिनी, जुनी तिकिटे यांचा उकिरडा होतो. कात्री सापडत नाही म्हणून दुसरी आणतो, मग दोन्ही सापडत नाहीत. मी पहिल्या वर्षाचा हिशेब मांडला तेव्हा ३४० रुपयांपैकी जवळजवळ शंभर रुपये घरात आधीच असलेल्या वस्तू पुन्हा आणण्यात गेले होते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला हे शोभले नाही.

आधी मी सामान जातवार लावून पाहिले, म्हणजे कागद एका जागी, धातूच्या वस्तू एका जागी. ते जमले नाही, कारण काम करताना आपण जातवार काम करीत नाही. मग कामावरून लावले. कापण्याचे सामान बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात: कात्री, स्टीलची पट्टी, शिसपेन्सिल. चिकटवण्याचे सामान वेगळ्या टोपलीत: खळीची वाटी, दोन ब्रश, ओले फडके. ओले आणि कोरडे यांची गाठ पडू द्यायची नाही, एवढा एकच नियम मी कडकपणे पाळते. बारीकसारीक वस्तूंसाठी आईचा जुना मिसळणाचा डबा मागून घेतला. सात वाट्यांत बटणे, फोटोचे कोपरे, टाचणीऐवजी वापरायच्या प्लास्टिकच्या चापा असे सगळे बसते. टाचण्या गंजतात आणि रबरबँड वितळून कागदाला चिकटतात, म्हणून दोहोंना बंदी आहे. आईने डबा दिला, पण वर ऐकवलेच, "हळदीचा वास जाईपर्यंत तुझी कात्रणं पिवळीच दिसतील बघ." वास अजून आहे. बुटाच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या ज्या पुड्या येतात त्या मी फेकत नाही, दोन-दोन प्रत्येक डब्यात टाकते.

पण सामानापेक्षा कात्रणांची शिस्त अवघड. तिथे मला आपल्या अभ्यासक्रमातल्या हिशेबशास्त्राचा जेवढा उपयोग झाला तेवढा परीक्षेतही झाला नसेल. व्यवहार घडला की आधी कीर्दीत, मग खतावणीत. कात्रणाचेही तसेच. कात्री हातात घेण्यापूर्वी बातमीच्या शेजारी पेन्सिलीने तारीख आणि वर्तमानपत्राचे नाव लिहायचे. कापल्यानंतर लिहीन म्हटले की ते राहतेच. मग कीर्दवहीत अनुक्रमांक, तारीख, पत्र, विषय अशी एक ओळ. कात्रण जाते पाकिटात. लग्नपत्रिकांची रिकामी पाकिटे यासाठी उत्तम. तिथे ते महिनाभर पडून राहते. महिन्याने पुन्हा वाचायचे. निम्मी कात्रणे तेव्हा टाकून द्यावीशी वाटतात, ती टाकावीत. उरलेली वहीत जातात, आणि फक्त वरच्या कडेला खळीची बारीक रेघ लावून. सबंध पाठ चिकटवायची नाही. त्याचे कारण पुढे सांगते.

वहीच्या शेवटी खतावणी, म्हणजे विषयवार सूची. माझी कात्रणे दोन भाषांतली. दोन सूच्या कराव्या लागतील अशी मला भीती होती. पण मराठी आणि कन्नड वर्णमालेचा क्रम बहुतेक एकच आहे. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ हे जास्तीचे, बाकी क-ख-ग-घ तेच. त्यामुळे 'नदी', 'नाटक', 'निवडणूक' यांच्या रांगेत दोन्ही भाषांतली कात्रणे सुखाने बसतात. माझे शालेय शिक्षण मराठीतून झाले, कन्नड शाळेत दुसरी भाषा म्हणून शिकले. बोलते बरी, वाचते सावकाश. समोरासमोर बातम्या चिकटवू लागल्यापासून वाचण्याचा वेग वाढला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले यान चंद्रावर उतरले, त्याच्या दुसऱ्या दिवसाची दोन्ही पत्रे माझ्या वहीत समोरासमोर आहेत. डावीकडे 'चांद्रयान', उजवीकडे 'चंद्रयान'. एका कान्याचा फरक. सगळ्याच बातम्यांत फरक इतका लहान नसतो, हे आपल्या गावात राहणाऱ्याला माहीत आहे. अशा वेळी एकच पान वाचणाऱ्याला अर्धा हिशेबच हाती लागतो.

हा छंद काही नवा नाही. 'हकलबेरी फिन'चा लेखक मार्क ट्वेन याला कात्रणांचा इतका नाद होता की खळीच्या कटकटीला कंटाळून त्याने पानांवर आधीच गोंद लावलेली वही तयार केली आणि १८७३ साली तिचे पेटंट घेतले. पान ओले करायचे आणि कात्रण ठेवायचे. ती वही चांगली खपली.

'मोबाईलवर फोटो काढला की झाले, एवढा खटाटोप कशाला?' असे मैत्रिणी म्हणतात. फोटो मीही काढते. पण फोटोत कागदाची पाठ येत नाही.

पाठीची गोष्ट अशी. खळ सुटून जी कात्रणे मोकळी झाली त्यांत आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेची एक चार ओळींची बातमी होती. मराठी विभागात पहिली म्हणून आमच्या आत्याचे नाव. आत्या नेहमी म्हणे की आजोबांनी त्या बक्षिसाबद्दल तिला एका शब्दाने विचारले नाही. वर्षावरूनही घरात वाद होता. ती म्हणे नववीत, बाबा म्हणत सातवीत. कात्रणावर तारीख नव्हती. ते उलटले, तर मागे गावसकरने काल अहमदाबादच्या कसोटीत दहा हजार धावा पुऱ्या केल्याची अर्धी बातमी होती! ती तारीख कोणालाही सापडते: ७ मार्च १९८७. म्हणजे आमचे कात्रण ८ मार्चच्या, रविवारच्या अंकातले. आत्या आली तेव्हा तिच्या हातात दिले. तिने ते दोनदा वाचले, कडा किती सरळ कापल्या आहेत ते बोट फिरवून पाहिले आणि म्हणाली, "नववीतच होते की नाही?" आणखी काही बोलली नाही.

त्याच पानासमोर, उजवीकडे, त्या स्पर्धेची कन्नड बातमी होती. ती दुकानात चिकटपट्टीने लावलेली. पट्टीचा एक कोपरा सुटलेला दिसला म्हणून मी तो ओढला. मला वाटले, निघेल. पट्टीबरोबर बातमीचा वरचा थरच निघून आला, आणि कन्नड विभागात पहिल्या आलेल्या मुलीचे नाव त्याच्याबरोबर गेले. 'प्रथम' एवढा शब्द आणि शाळेच्या नावाची दोन अक्षरे उरली आहेत. आत्याला ती मुलगी आठवते. दोघी बक्षीस समारंभाला शेजारी बसल्या होत्या. तिला मराठी येत नव्हते, आत्याला कन्नड येत नव्हते, आणि दोघींनी एक पेरू अर्धा-अर्धा खाल्ला होता. नाव मात्र आठवत नाही.

ती दोन पाने मी नव्या वहीत घेतली आहेत. डावीकडे मराठी कात्रण वरच्या कडेला टेकवले आहे, मध्ये बटरपेपर घातला आहे, आणि उजवे पान पेन्सिलीने तारीख लिहून मोकळे ठेवले आहे. आपल्या या अंकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी मार्च १९८७ च्या दुसऱ्या आठवड्यातली कन्नड वर्तमानपत्रे कोणी जपून ठेवली असतील, तर मला वर्गात येऊन जरूर सांगावे. मूळ कात्रण नको, झेरॉक्स चालेल.