पावसाळ्यातल्या १२२० चढाया

पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे १३० चौरस मीटर. महाडहून रायगडाकडे जाताना लागणाऱ्या नाते गावात एखाद्या पावसाळ्यात ३००० मिलिमीटर पाऊस झाला, तर एवढ्याशा चौकटीत ३ लाख ९० हजार लिटर पाणी कोसळतं. दहा हजार लिटरचे ३९ टँकर! जून ते सप्टेंबर मिळून दिवस होतात १२२. मातीवर खेळणाऱ्या पोरांचा सराव नेमका याच दिवसांत तुटतो.

आता खेळाचं गणित पाहा. सामना ४० मिनिटांचा आणि चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. प्रत्येक चढाई पूर्ण वेळ चालली, तर दोन्ही संघांच्या मिळून ८० होतात. आपल्या संघाच्या ४०, आणि त्यातल्या निम्म्या मुख्य चढाईपटूने केल्या तरी २०. म्हणजे अख्ख्या सामन्यात त्याच्या हाती जेमतेम १० मिनिटं!

समोर सात जण. एका क्षणी प्रत्येकाने पुढे येणं, थांबणं किंवा मागे सरणं यांपैकी एकच गोष्ट केली, तरी बचावाच्या २१८७ मांडण्या होतात. पुढच्या क्षणी पुन्हा तितक्याच. दोन क्षण जोडले की शक्यता ४७ लाख ८२ हजार ९६९ वर जातात! एवढं सगळं प्रत्यक्ष खेळून पाहणं कुणालाच शक्य नाही.

डोळे मिटून मात्र बरंच खेळता येतं. रोज रात्री मनात १० चढाया केल्या, तर लागतात ५ मिनिटं. १२२ रात्रींत १२२० चढाया होतात. २० चढायांचा एक सामना धरला, तर हे ६१ सामने झाले, आणि सगळा वेळ भरतो १० तास १० मिनिटं.

याने खरंच फरक पडतो का? १९९२ मध्ये आयोवा विद्यापीठातल्या गुआंग युए आणि केली कोल यांनी काही जणांना चार आठवडे करंगळीचा व्यायाम फक्त मनात करायला लावला. त्यांच्या करंगळीची ताकद सरासरी २२ टक्क्यांनी वाढली. ज्यांनी प्रत्यक्ष व्यायाम केला त्यांची वाढ ३० टक्के, आणि ज्यांनी काहीच केलं नाही त्यांची ४ टक्क्यांहून कमी. स्नायू हलले नव्हते; सुधारला तो मेंदूकडून स्नायूंना जाणारा हुकूम. आपल्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. हालचालीची आखणी करणाऱ्या पेशींची जाळी कल्पनेतही कामाला लागतात.

१९९५ मधला पियानोचा प्रयोग तर आपल्या पावसाळ्यासाठीच केल्यासारखा वाटतो. पाच दिवस फक्त मनात बोटं चालवणारे प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांपेक्षा मागे होते. पण नंतर खऱ्या पियानोवर दोनच तास सराव मिळाला आणि ते पाच दिवस वाजवणाऱ्यांच्या बरोबरीला आले.

म्हणून मनातली चढाई खऱ्या वेगाने करायची. त्यासाठी घड्याळ लागत नाही. दम धरून ओठांतल्या ओठांत ‘कबड्डी कबड्डी’ म्हणायचं. दम सुटला की चढाई संपली. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवरची निदान रेषा आपल्याच डोळ्यांनी दिसली पाहिजे, तळपायाला माती लागली पाहिजे, डाव्या कोपरारक्षकाने घोट्याकडे घेतलेली झेप जाणवली पाहिजे. लाखो शक्यतांच्या मागे लागायचं नाही. गेल्या हंगामात ज्या तीन-चार पकडींत आपण सापडलो, त्याच घ्यायच्या आणि प्रत्येक वेळी सुटून मध्यरेषेपर्यंत परत यायचं. पकडले गेल्याचं चित्र घोकलं, तर सराव त्याचाच होतो.

हा मैदानाला पर्याय नाही. ३० आणि २२ मधला फरक ते स्पष्ट सांगतो. पण २२ आणि ४ मधला फरक त्याहून मोठा आहे, आणि तो मिळवायला मॅट लागत नाही, छताचं सभागृह लागत नाही, पैसेही लागत नाहीत. महाड-पोलादपूरच्या प्रशिक्षकांनी जूनच्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलाला त्याच्या तीन पकडी वहीत लिहून द्याव्यात.