मासा आजारी की पाणी?

नवा फिश टँक घरात येऊन दोन-तीन आठवडे झालेले असतात. सुरुवातीला शेपटी झुलवत फिरणारा गोल्डफिश एका सकाळी पाण्याच्या वरच्या थरात येऊन थबकतो. तोंड वर केलेले, कल्ल्यांवरची झाकणे भराभर उघडमीट करताहेत आणि खाणे टाकले तरी त्याचे लक्ष नाही. मुले कावरीबावरी होतात, मोठी माणसे दुकान गाठतात. दुकानदार औषधाची बाटली देतो आणि पाच-दहा थेंब टाकायला सांगतो. संध्याकाळी पाणी निळे होते आणि दुसऱ्या दिवशी मासा उलटा तरंगताना दिसतो. मग ‘आपल्याकडे मासे टिकतच नाहीत’ असे म्हणून विषय संपतो.

खरे तर गोल्डफिश हा चिवट मासा आहे. कार्प कुळातला हा मासा चीनमध्ये हजार वर्षांपूर्वीपासून पाळला जातो. नीट ठेवला तर तो दहा-पंधरा वर्षे जगतो. ब्रिटनमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला ‘टिश’ नावाचा गोल्डफिश १९९९ पर्यंत, म्हणजे ४३ वर्षे जगला. असा मासा तीन आठवड्यांत दम लागून मरतो, तेव्हा कारण बहुतेक वेळा त्याच्या शरीरात नसते, ते भोवतालच्या पाण्यात असते. म्हणून औषधाची बाटली उघडण्याआधी पाणी तपासायला हवे.

कल्ल्यांचे काम दुहेरी

पाण्यात श्वास घेणे हे कष्टाचे काम आहे. २५ अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात फार तर आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तेवढ्याच हवेत तो त्याच्या तीसपटीहून जास्त असतो. पाणी तापले की विरघळलेला प्राणवायू आणखी कमी होतो आणि नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत टँकमधल्या माशांना जास्त त्रास होतो.

एवढ्याशा प्राणवायूवर भागवण्यासाठी कल्ल्यांची रचना फार नाजूक असते. झाकणाखाली प्रत्येक बाजूला चार कमानी, त्यांवर पिसांसारखे तंतू आणि तंतूंवर अतिशय पातळ पापुद्रे असतात. पापुद्र्यांतले रक्त पाण्याच्या उलट दिशेने वाहते. त्यामुळे पाण्यातला बराचसा प्राणवायू रक्तात ओढून घेता येतो. पण पापुद्रा पातळ असल्यामुळे पाण्यातल्या विषाचा पहिला मारही त्यालाच बसतो.

कल्ल्यांचे दुसरे काम उत्सर्जनाचे. खाल्लेल्या प्रथिनांपासून शरीरात अमोनिया तयार होतो. माणसाचे यकृत त्याचे युरियात रूपांतर करते आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. यकृत निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तात अमोनिया साचला की त्याला गुंगी येते, तो असंबद्ध बोलू लागतो. गोल्डफिश मात्र बहुतेक अमोनिया थेट कल्ल्यांतून पाण्यात सोडतो. पाण्यातच अमोनिया साचला असेल, तर आतला बाहेर पडत नाही आणि बाहेरचा आत शिरतो. पापुद्रे सुजतात, जाड होतात, एकमेकांना चिकटतात. मग पाण्यात प्राणवायू पुरेसा असूनही तो रक्तापर्यंत पोहोचत नाही. न्यूमोनियाच्या रुग्णाला भरपूर हवेतही दम लागतो, तसेच हे आहे.

नव्या टाकीचा आजार

तळ्यात किंवा जुन्या टँकमध्ये असे सहसा होत नाही, याचे श्रेय जिवाणूंना जाते. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर काही नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खड्यांवर वस्ती करतात. नव्या टँकमध्ये ही वस्ती पुरेशी वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र पहिल्याच दिवशी चार मासे सोडतो आणि कौतुकाने दिवसातून चारदा खाऊ घालतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मासे दमतात, त्यामागे हे गणित असते.

जुन्या टँकमध्येही हा प्रसंग ओढवू शकतो. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असते. फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून धुतला, तर उपयोगी जिवाणूही मरतात. स्पंज धुवायचा असेल तर टँकमधूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा. काचेच्या गोल भांड्यात तर फिल्टर नसतो, पाणीही जेमतेम चार-पाच लिटर असते. पूर्ण वाढ झाल्यावर वीतभर किंवा त्याहून मोठा होणाऱ्या माशासाठी ते घर नव्हे.

निदान प्रश्नांपासून सुरू होते

माणसाच्या आजारात डॉक्टर आधी हकीकत विचारतात. इथेही तेच करावे. टँक कधी मांडला? पाणी शेवटचे कधी आणि किती बदलले? त्यातले क्लोरीन काढले होते का? फिल्टर कधी धुतला? नवा मासा कधी आणला? घरात झुरळांचा किंवा डासांचा फवारा मारला होता का? अशा फवाऱ्यांतली पायरेथ्रॉइड गटातली रसायने माशांना अत्यंत विषारी असतात आणि हवेचा पंप ती थेट पाण्यात ओढून घेतो.

पुढचा प्रश्न महत्त्वाचा: एकच मासा आजारी आहे की सगळे? सगळे एकदम धापा टाकू लागले, तर पाणी बिघडले असे आधी समजावे. एकच मासा आजारी आणि बाकीचे ठीक असतील, तर संसर्गाची शक्यता वाढते. पाणवनस्पती भरपूर असतील आणि त्रास फक्त पहाटे होत असेल, तर रात्रीत प्राणवायू कमी पडत असावा.

मग निरीक्षण करावे. एक ते पाच वर्षांच्या खोकणाऱ्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त असेल, तर आरोग्यसेविका न्यूमोनियाचा संशय घेते. त्यासाठी तिला घड्याळाशिवाय काही लागत नाही. माशाच्या झाकणांची उघडमीटही तशीच मिनिटभर मोजता येते. हा आकडा तापमानाप्रमाणे बदलतो, म्हणून मासा निरोगी असतानाच तो मोजून लिहून ठेवावा. आजारपणात त्याच्याशी तुलना करता येते.

कल्ल्यांचा रंगही बरेच सांगतो. निरोगी कल्ले ताज्या रक्तासारखे लाल असतात. सुजलेले, भडक लाल कल्ले अमोनिया किंवा क्लोरीनकडे बोट दाखवतात. फिकट कल्ले रक्त कमी झाल्याची खूण असू शकतात. तपकिरी कल्ले दिसले तर नायट्राइटचा संशय घ्यावा. नायट्राइटमुळे रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहू शकत नाही आणि रक्त चॉकलेटी दिसते. माणसाची तान्ही बाळेही याला बळी पडतात. नायट्रेटयुक्त विहिरीच्या पाण्यात कालवलेल्या दुधामुळे बाळे निळी पडल्याची नोंद अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९४५ मध्ये झाली होती.

शेवटी पाण्याची तपासणी. अमोनिया, नायट्राइट आणि सामू मोजणारे किट मत्स्यालयाच्या दुकानात मिळते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असायला हवेत. सामू पाहायचा तो यासाठी, की अमोनियाची विषारी बाजू त्यावर ठरते. २५ अंशांना सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपासच विषारी रूपात असतो. सामू ८ असेल तर सुमारे पाच टक्के. म्हणजे किटचा आकडा तोच राहिला तरी धोका जवळजवळ दहापट होतो.

पहिले चोवीस तास

कारण पक्के कळले नसले तरी काही उपाय लगेच करता येतात. एक-दोन दिवस खाणे बंद ठेवावे. गोल्डफिश उपाशी मरत नाही, उलट अमोनिया कमी तयार होतो. एअर पंप वाढवावा. टँकमधले पाव ते अर्धे पाणी बदलावे. नवे पाणी क्लोरीन काढलेले आणि जुन्याइतक्याच तापमानाचे हवे. उघड्या बादलीत बुडबुडे सोडत चोवीस तास ठेवलेल्या पाण्यातले साधे क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे थेंब वापरावेत. सगळे पाणी एकदम बदलू नये. सामू अचानक चढला तर उरलेला अमोनिया अधिक विषारी होतो. किट शून्य दाखवेपर्यंत रोज थोडे थोडे पाणी बदलत राहावे.

नायट्राइट वाढले असेल तर स्वयंपाकघरातले मीठ उपयोगी पडते. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. लिटरमागे एक ग्रॅम पुरे. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० सेंटिमीटर पाणी असलेल्या टँकमध्ये ५४ लिटर पाणी असते, म्हणजे ५४ ग्रॅम मीठ झाले. ते वेगळ्या भांड्यात विरघळवून हळूहळू घालावे. पाणी बदलताना जेवढे पाणी काढले, तेवढ्याच पाण्याचे मीठ पुन्हा घालावे.

औषध केव्हा?

पाणी सुधारूनही त्रास राहिला, तर संसर्गाचा विचार करावा. मासा खड्यांना अंग घासत असेल, तर परजीवी असू शकतात. अंगावर रव्यासारखे पांढरे दाणे दिसले, तर ‘इक’ हा आजार असतो. कधी कधी तो फक्त कल्ल्यांतच असतो आणि बाहेर एकही दाणा दिसत नाही. त्याचे औषध परजीवी पाण्यात मोकळा फिरत असतानाच लागू पडते, म्हणून एका मात्रेने भागत नाही. कल्ल्यांना चिकटणाऱ्या चपट्या कृमींवर प्राझिक्वांटेल चालते. माणसातल्या पट्टकृमींवरही हेच औषध दिले जाते. पण ते कृमींच्या अंड्यांवर चालत नाही, म्हणून तेही पुन्हा द्यावे लागते. कल्ल्यांवर पिवळट-पांढरे, झिजलेले चट्टे असतील, तर जिवाणूंचा संसर्ग संभवतो.

यांतले नेमके काय आहे, हे कल्ल्याचा छोटासा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच कळते. हे काम पशुवैद्यकाचे आहे. त्यांच्याकडे जाताना टँकचे पाणी वेगळ्या स्वच्छ बाटलीत न्यावे. मासा नुकताच मेला असेल तर तो बर्फावर ठेवून लगेच न्यावा, गोठवू नये. कल्ले फार लवकर कुजतात आणि मग तपासणीत काही सापडत नाही.

अंदाजाने टाकलेले औषध निरुपयोगीच ठरते असे नाही, ते घातकही ठरते. फॉर्मेलिन पाण्यातला प्राणवायू घटवते, म्हणजे धापा टाकणाऱ्या माशाचा श्वास आणखी कोंडतो. मिथिलीन ब्लू आणि अनेक प्रतिजैविके फिल्टरमधल्या जिवाणूंना मारतात, मग अमोनिया पुन्हा चढतो. घरातली उरलेली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल टँकमध्ये फोडली, तर औषधाला दाद न देणारे जिवाणू मागे उरतात आणि पुढच्या पाणीबदलात गटारात जातात.

माणसांनीही जपायला हवे. टँकच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरीनम हा क्षयाच्या जंतूंचा भाऊबंद असू शकतो. १९२६ मध्ये तो प्रथम माशांत सापडला. हातावर जखम असताना टँक साफ केला, तर तो त्वचेत शिरतो आणि काही आठवड्यांनी बोटावर न दुखणारी गाठ किंवा न भरणारी जखम दिसते. उपचार कित्येक महिने चालतात. म्हणून जखम असेल तर हातमोजे घालावेत, नळी तोंडाने ओढून पाणी काढू नये आणि अशी गाठ आली तर घरात फिश टँक आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

पाणी सुधारले की कल्ल्यांचे पापुद्रे काही आठवड्यांत पुन्हा भरून येतात. झाकणांची गती आधीच्या आकड्यावर आली आणि मासा खाण्याकडे वळला, की दिवसातून एकदा चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे द्यावे. त्यानंतरही महिनाभर आठवड्यातून दोनदा अमोनिया आणि नायट्राइट मोजत राहावे, आणि तोपर्यंत नवा मासा आणू नये.